खर्जातले दोघे

गाण्याच्या तळाशी दोन आवाज असतात आणि ऐकणाऱ्याला ते दोन आहेत याची बहुधा जाणीवही नसते. एक किकचा, म्हणजे ड्रमसेटमधल्या पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा किंवा त्याची जागा घेणाऱ्या यंत्राचा. दुसरा बेसचा, मग ती चार तारांची गिटार असो की संगणकातला सिंथ, म्हणजे विजेवर सूर तयार करणारे वाद्य. श्रोता एवढेच म्हणतो, की गाण्याला वजन आहे. हे वजन या दोघांनी मिळून दिलेले असते आणि ते गढूळ होऊ न देण्यात मिक्सिंग करणाऱ्याचा, म्हणजे सगळे आवाज जुळवून गाणे एकसंध करणाऱ्याचा, बराच जीव खर्ची पडतो. गायिकेचा आवाज किती पुढे हवा यावर संगीतकारापासून निर्मात्यापर्यंत सगळे मत देतात. तळाबद्दल सहसा कोणी बोलत नाही आणि तिथे काही बिनसले, की "काहीतरी दबल्यासारखं वाटतंय" एवढेच कानावर येते. या दोघांबद्दल सविस्तर लिहावेसे वाटते, कारण हे काम करता करता माझे एक मत पक्के होत गेले आहे. किक आणि बेस यांच्यातला तंटा आपण कंप्रतेची छाटणी करून मिटवू पाहतो, पण त्याचे मूळ बहुतेक वेळा सुरांच्या लांबीत असते.

आधी दोघांची जागा पाहू. बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली, तर ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. त्याच्या वरची ५५ वेळा, तिसरी ७३ वेळा आणि सर्वांत बारीक ९८ वेळा. किकचा मूळ आवाज ड्रमच्या आकारानुसार आणि कातड्याच्या ताणानुसार साधारण ५० ते ९० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपांच्या) पट्ट्यात पडतो, आणि रोलँड कंपनीच्या १९८० सालच्या टीआर-८०८ या यंत्राची लांब घुमणारी किक त्याच पट्ट्याच्या खालच्या टोकाला असते. म्हणजे ४० ते ८० हर्ट्झ या एकाच सप्तकात दोघांचाही पाया येतो आणि एका पाटावर दोघांनी जेवायला बसावे तशी अवस्था होते. वरच्या सप्तकांत कान स्वर सहज वेगळे करतो. बासरी आणि व्हायोलिन एकच स्वर लावून वाजली तरी आपण दोघांना ओळखतो. खर्जात कानाची ही ताकद कमी पडते. शिवाय जोरकस खर्ज आपल्या वरच्या आवाजांनाही झाकतो, त्यामुळे तळात गर्दी झाली की फटका गायिकेच्या आवाजाच्या खालच्या अंगालाही बसतो.

त्यात कंपांचे गणित मिसळते. बेस ५५ हर्ट्झवर आणि किक ६० हर्ट्झवर असेल, तर दोन्ही सूर एकत्र आल्यावर सेकंदाला पाच हेलकावे तयार होतात, म्हणजे एक हेलकावा २०० मिलिसेकंदांचा. किकची शेपटी, म्हणजे ठोक्यानंतर रेंगाळणारा आवाज, तेवढी टिकली, तर तिच्या मध्यावर आवाज अचानक पोकळ झालेला जाणवतो. शेपटी आखूड असेल, तर हेलकावा पुरा होत नाही, पण दोघांच्या लाटा प्रत्येक ठोक्याला निराळ्या जागी भेटतात आणि एक ठोका भरदार, पुढचा रिकामा असे होते. अशा वेळी किकचा फेडर, म्हणजे पातळीची सरकपट्टी, वर ढकलून उपयोग नसतो. रिकामा ठोका रिकामाच राहतो आणि भरदार ठोका मात्र सगळ्यांच्या अंगावर येतो.

आपल्याकडच्या तालवाद्यांत हा तंटा वेगळ्या रीतीने मिटवलेला आहे, हे मला फार मोलाचे वाटते. तबल्याचा डग्गा एकाच वेळी थापही देतो आणि सूरही. तळहाताच्या दाबाने वादक तो सूर वर चढवतो, खाली सोडतो आणि हव्या त्या क्षणी हात ठेवून बंद करतो. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणकेचा लेप लावतात आणि ढोलकच्या डाव्या तोंडाला आतून मसाला, तेही त्या खर्जाची खोली आणि लांबी हातात राहावी म्हणून. ठोका आणि खर्जाचा सूर एकाच माणसाच्या एकाच हातात असल्यामुळे त्यांची टक्कर होण्याचा प्रश्नच येत नाही. ड्रमसेटचे पायाचे पेडल विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रुळले, विजेवर चालणारी प्रिसिजन बेस ही गिटार लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणली, आणि ठोका एकाकडे, सूर दुसऱ्याकडे अशी वाटणी पक्की झाली. तेव्हापासून दोन माणसांना, आणि आता संगणकातल्या दोन ट्रॅकना, जे काम डग्गा वाजवणारा एका तळहाताने करतो ते एकमेकांच्या अंदाजाने करावे लागते.

मुंबईत या वाटणीचे एक फार आगळे उदाहरण घडले. हिंदी चित्रपटसंगीतात बेस गिटार वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही रोलँडची यंत्रे जोडून रागांवर आधारलेले डिस्को ठेक्याचे ध्वनिमुद्रण केले. एक यंत्र ठोक्याचे आणि एक बेसचे. हेच दोन डबे पुढे जगभरच्या नृत्यसंगीताचा कणा झाले, आणि चरणजित सिंग यांच्या त्या कामाकडे जगाचे लक्ष जायला काही दशके जावी लागली. त्यात ३०३चा बेस सतत सरकता, फिल्टरमुळे वरच्या अंगाने बोलणारा आहे, म्हणून तो किकच्या अंगावर पडत नाही. ज्या माणसाने आयुष्यभर वाद्यवृंदात बसून बेस वाजवला, त्याच्या कानाला दोघांमधले अंतर आपसूक कळले असणार, असे मला ते ऐकताना दर वेळी वाटते.

आता आगरी-कोळी हळदीच्या एका गाण्याबद्दल सांगतो, कारण वर म्हटलेले सगळे त्यात एकत्र आले होते. कोळीवाड्यातला एक तरुण संगीतकार ते घेऊन आला. गाणे दादऱ्याच्या अंगाचे, पांढरी सहामध्ये (षड्ज पेटीच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीवर), मिनिटाला १०० ठोके. त्यात ८०८च्या जातीचा लांब बेस, ६० हर्ट्झच्या आसपास घुमणारी किक, आणि वर ऐन पावसाळ्यात ध्वनिमुद्रित केलेली ढोलकी. पावसाळी हवेत कातडे सैल पडते आणि ढोलकीचा धूम, म्हणजे तिचा खर्जाचा बोल, खाली उतरतो. वादकाने कितीही ओढून घेतली तरी तास-दोन तासांत ती पुन्हा खाली येऊ लागते. म्हणजे खर्जात दोघे नव्हे, तिघे जमले होते.

"दादा, किक दिसतेय, पण लागत नाय," तो म्हणाला. पडद्यावर किकचे उंच उंच ठोके दिसत होते, हे खरेच होते.

"बेस बंद करून ऐक," मी म्हटले.

बेस म्यूट केल्याबरोबर किक छातीवर आली. त्याने लगेच विचारले, "मग बेस कमी करू?" मी त्याला पडद्यावर बेसच्या आवाजाचा आलेख मोठा करून दाखवला. मिनिटाला १०० ठोके म्हणजे एका ठोक्याला ६०० मिलिसेकंद मिळतात आणि दादऱ्यात त्याचे तीन तुकडे होतात, प्रत्येकी २०० मिलिसेकंदांचे. त्याच्या बेसचा प्रत्येक सूर ७०० मिलिसेकंद घुमत होता. म्हणजे पुढची किक पडते तेव्हा आधीचा सूर अजून संपलेलाच नाही आणि नवा सूर त्यावर चढतो आहे. बेसची पातळी कितीही उतरवली, तरी हा शेजार सुटणार नव्हता.

आम्ही बेसच्या सुरांची लांबी ५०० मिलिसेकंदांच्या आत आणली आणि शेवटाला छोटासा उतार दिला, नाहीतर सूर तुटताना टिचकी ऐकू येते. बाकी काही केले नव्हते. ना इक्यू (ठरावीक पट्ट्यातला आवाज चढवणारे-उतरवणारे साधन), ना कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार दाबणारे). किक लागली. इतकेच नाही तर बेसही मोठा वाटू लागला, कारण प्रत्येक सुराची सुरुवात आता ऐकू येत होती. सुराच्या आधीची शांतता त्या सुराला उठाव देते, हे गळ्याच्या गाण्यात आपल्याला पटकन कळते. खर्जात ते करून पाहावे लागते.

बेस गिटार वाजवणारा कसलेला असेल, तर हे काम तो बोटांनीच करून देतो. वांद्र्याचे एक ज्येष्ठ बेसवादक ध्वनिमुद्रणाला बसले की मी त्यांच्या उजव्या हातापेक्षा डाव्याकडे अधिक पाहतो. उजवा हात सूर सुरू करतो; सूर कधी संपणार हे डावा ठरवतो. किक येण्याच्या किंचित आधी त्यांचे बोट गिटारच्या पडद्यावरून (फ्रेटवरून) केसभर उचलले जाते, पण तारेवरून सुटत नाही. तार बोटाच्या मांसल भागाला टेकून राहते आणि तिचा कंप जागीच विरतो. ध्वनिमुद्रणात पाहिले तर किकच्या प्रत्येक ठोक्यापूर्वी बेसच्या रेषेत एक बारीक फट दिसते. ती फट संगणकातल्या कुठल्याही प्लग-इनने (जोडप्रणालीने) इतकी नैसर्गिक होत नाही, कारण ती ठोक्याठोक्याला थोडी लहानमोठी असते आणि गाण्याच्या जोराप्रमाणे बदलते.

हे सगळे ऐकू यायचे तर खोली खरी बोलली पाहिजे, आणि मुंबईत खोली हाच मोठा अडथळा आहे. घरातल्या स्टुडिओला आपल्याकडे दहा बाय बाराची खोली मिळाली तर पुष्कळ. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. ज्या आवाजाची अर्धी लाट दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये बरोबर मावते, तो आवाज त्या खोलीत अडकून घुमतो. बारा फुटांच्या भिंतींमध्ये तो ४८ हर्ट्झच्या आसपास येतो, दहा फुटांच्या भिंतींमध्ये ५७च्या आसपास, आणि साडेनऊ फूट उंचीचे छत असेल तर ६०च्या जवळ. म्हणजे किक आणि बेस यांचा जो पट्टा, नेमका तोच आपल्या खोल्यांच्या घुमण्याचा पट्टा. याची प्रचीती घ्यायची असेल तर ५७ हर्ट्झचा एकच सरळ सूर मध्यम पातळीवर लावावा आणि खोलीच्या रुंदीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत जावे. भिंतीपाशी तो सूर कानाच्या पडद्यावर दाबल्यासारखा जाणवतो, मध्यावर आल्यावर जवळजवळ नाहीसा होतो, आणि दुसऱ्या भिंतीकडे जाताना पुन्हा फुगतो. लांबीच्या दिशेने ४८च्या सुराचीही हीच गत. खोलीच्या ऐन मधोमध खुर्ची टाकून बसणारा तळ कमी ऐकतो आणि वाढवत राहतो. मागच्या भिंतीला टेकून बसणारा जास्त ऐकतो आणि छाटत राहतो.

समोरच्या भिंतीपासून खोलीच्या लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर बसावे, असा एक रुळलेला अंदाज आहे आणि सुरुवातीला तो बरा ठरतो. भिंतीला चिकटवलेला दोन इंचांचा फोम मात्र खर्जासाठी निरुपयोगी आहे. तो टाळीचा प्रतिध्वनी खातो, ५० हर्ट्झला त्याचा पत्ताही लागत नाही. कोपऱ्यांत छतापर्यंत रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) जाड थर भरून बेस ट्रॅप, म्हणजे खर्ज शोषणारे सापळे, केले तर फरक पडतो, पण ती जागा कपाटाला हवी असते, आणि घरात कपाट आणि बेस ट्रॅप यांत कोण जिंकते हे सांगायला नको. म्हणून मी तळाचे निर्णय स्पीकरवर घेतो आणि चांगल्या हेडफोनवर पडताळतो. हेडफोनला खोली नसते, हा त्याचा गुण.

आवाजाच्या पातळीचेही तसेच. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले, की आवाज हळू असताना कानाला खर्ज फारच कमी ऐकू येतो आणि पातळी वाढवली की तो इतर आवाजांपेक्षा झपाट्याने वाढतो. रात्री शेजाऱ्यांच्या भीतीने अगदी हळू लावून केलेल्या मिक्समध्ये म्हणूनच बेस अतोनात भरला जातो. एक ठरावीक मध्यम पातळी धरून तिच्यावरच काम करावे. शक्य असेल त्याने दिवसा करावे.

लांबीचा निकाल लागला की मग इक्यूला हात लावावा. इथे पहिला निर्णय असा, की सर्वांत खाली कोण राहणार. द्रुत, नाचाच्या गाण्यात मी किकला ५० ते ६० हर्ट्झची जागा देतो आणि बेसचे बोलणे ८० ते १२०च्या भागातून वर येऊ देतो. संथ गाण्यात, जिथे बेस मंद्रात लांब सूर धरतो, तिथे उलट करतो. किकला ८०-९०ला टणकपणा देतो आणि तिच्या तळाचा थोडा भाग काढतो. एकाला जिथे तीन डेसिबल चढवले, तिथे दुसऱ्याला दोन-तीन उतरवायचे, यापलीकडे त्यात फारसे गूढ नाही. हळदीच्या त्या गाण्यात बेसचा षड्ज ५५ हर्ट्झवर होता आणि तो हलवणे शक्य नव्हते, म्हणून किक ६०वरून खाली ओढून त्याच स्वराला आणली आणि हेलकावे थांबले. किक स्वरात लावायची ही युक्ती शेपटी लांब असेल तेव्हाच कामाची. आखूड, कोरड्या किकला कान स्वर देतच नाही. ढोलकीचा ९० हर्ट्झच्या खालचा भाग काढला आणि तिची चाट, म्हणजे काठावरचा टणक बोल, थोडी उजळली. हळदीच्या गाण्यात ढोलकी वरच राहिली पाहिजे. ती दबली तर त्या गाण्याला त्याची माणसे ओळखणार नाहीत.

साइडचेन कॉम्प्रेशनबद्दल लोक फार बोलतात. किक वाजली, की तिच्या इशाऱ्यावर बेस क्षणभर खाली बसतो, एवढेच ते यंत्र करते. दोन-तीन डेसिबलच्या आत ठेवले तर कोणाला कळतही नाही आणि ठोका स्वच्छ होतो. महत्त्वाचा असतो तो परत वर येण्याचा वेळ. तो पुढच्या सुराच्या आधी संपला पाहिजे. १०० ठोक्यांच्या दादऱ्यात मी तो दीडशे मिलिसेकंदांच्या आसपास ठेवतो. फार लवकर सोडला तर खर्जात कुरकुर येते, फार उशिरा सोडला तर बेस अख्ख्या गाण्यात धाप लागल्यासारखा वाटतो. पण सुरांची लांबी आधी दुरुस्त केलेली असेल, तर साइडचेनला फारसे काम उरत नाही.

खऱ्या ड्रमचे ध्वनिमुद्रण असेल तर लाटांची दिशा तपासायलाच हवी. एक माइक किकच्या आत आणि दुसरा मीटरभर लांब असेल, तर लांबच्या माइकला आवाज सुमारे तीन मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि तेवढ्या अंतराने १७० हर्ट्झच्या आसपासचा आवाज एकमेकांना खोडून काढतो. किकचा सगळा गाभाच पातळ होतो. एक ट्रॅक पुढे सरकवून किंवा पोलॅरिटीचे, म्हणजे लाट उलटी करणारे, बटण दाबून ऐकावे, आणि ज्या स्थितीत तळ भरतो ती ठेवावी. इक्यूने तास घालवून जे साधत नाही, ते इथे एका बटणात साधते.

आणि शेवटी गाणे ऐकले कुठे जाते? विरार लोकलमध्ये इअरफोनवर, जिथे गाडीची घरघर खर्जाच्याच पट्ट्यात असते. रिक्षात, टपरीवर, मोबाइलच्या स्पीकरवर, ज्याला दोनशे हर्ट्झच्या खाली सांगण्यासारखे काही उमटवता येत नाही. तरीही मोबाइलवर बेस कळू शकतो, कारण २२०, २७५, ३३० असे पटीतले सूर ऐकू आले, की मेंदू त्यांच्या मुळाशी असलेला ५५चा सूर स्वतःच गृहीत धरतो. त्यासाठी बेसला थोडे सॅच्युरेशन (आवाज किंचित फाडणारा परिणाम) देऊन हे वरचे सूर तयार करावे लागतात. किकला तीन-चार हजार हर्ट्झच्या भागात पेडलच्या टोल्याची टिचकी द्यावी लागते. हे दोन्ही केले, की खर्ज काढून टाकलेल्या स्पीकरवरही ठेका हरवत नाही.

दुसऱ्या टोकाला मिरवणूक असते. ट्रकवरच्या १८ इंची सबवूफरवर तळ एकाच वाहिनीत, म्हणजे मोनोत वाजतो, त्यामुळे बेसला रुंदी देण्याच्या नादात डावी-उजवी वेगळी केलेली असेल तर तिथे तो अर्धा विरतो. शंभर-एकशेवीस हर्ट्झच्या खालचे सगळे मी मोनोतच ठेवतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, पण ती कानाच्या संवेदनेप्रमाणे भार दिलेल्या मापात, आणि त्या मापात ६३ हर्ट्झच्या आवाजातून सुमारे २६ डेसिबल वजा होतात. म्हणजे ज्या खर्जाने खिडक्यांची तावदाने थरथरतात आणि म्हाताऱ्या माणसांची झोप उडते, तो मोजणीत फारच थोडा उरतो. हे मला मनापासून खटकते. तळ स्पष्ट असेल तर तो मोठा लावावा लागत नाही. गढूळ असेल तर माणसे ठोका शोधत आवाज वाढवत जातात. मिक्स करणाऱ्याची जबाबदारी इथपर्यंत पोचते, असे मी मानतो.

त्या हळदीच्या गाण्याच्या शेवटच्या ध्रुवपदाआधी किक दोन आवर्तने थांबते आणि फक्त ढोलकी आणि कोरस राहतो. तिथे बेसवरचा साइडचेन मी काढला आणि आखूड केलेल्या सुरांना त्यांची मूळ लांबी परत दिली. खाली कोणीच नसल्यामुळे ते ७०० मिलिसेकंद आता अडचण नव्हते. किक परत येते त्याच्या नेमक्या एक तृतीयांश ठोका आधी बेस बंद होतो. संगीतकाराने तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावून ऐकला आणि मग म्हणाला, "दादा, आधीच्या कडव्यांत पण अशी जागा सोडूया ना." आम्ही दुसऱ्या कडव्यात सोडली, पहिल्यात नाही, पहिल्यात अजून ठेका बसायचा होता. मास्टरिंगसाठी, म्हणजे गाण्यावरच्या शेवटच्या संस्कारासाठी, फाइल पाठवताना वर सहा डेसिबलची मोकळीक होती आणि लिमिटरला (आवाज ठरावीक पातळीवर रोखणाऱ्या साधनाला) तळासाठी जवळजवळ काहीच करावे लागले नाही.